शून्याच्या जागी लाभ

अप्पांना ज्याची भीती वाटत नसे असं काही मला आठवत नाही. गॅसच्या सिलेंडरची भीती, म्हणून ऑफिसातला चहा खालच्या टपरीवरून यायचा. लिफ्टची भीती, म्हणून दोन जिने चढून धापा टाकत बसायचे. विजेच्या बटणाला त्यांनी कधी उघडं बोट लावलं नाही. खिशातलं पेन काढायचे, टोपणाच्या टोकानं बटण दाबायचे, आणि पंखा फिरायला लागला की दोन पावलं मागं सरून तो खाली येत नाही ना हे बघत उभे राहायचे. दुसऱ्याच्या गाडीवर मागं बसायचे नाहीत. स्वतःची स्कूटर होती, पण ती इतकी हळू की लातूरच्या रिक्षावाल्यांनी तिला नाव ठेवलं होतं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

साठीकडं झुकलेला हा माणूस संगणकाचे प्रोग्रॅम लिहायचा, आणि त्याच्या हाताखाली मी अडीच वर्षं काढली. कपाळाला विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट. मी नांदेडहून डिग्री घेऊन आलेली, तेवीस वर्षांची. मला कशाचीच भीती वाटत नव्हती, आणि याचा मला अभिमान होता.

नवीन काही लिहून झालं आणि गिऱ्हाइकाला पाठवायची वेळ आली की ते खुर्ची माझ्याकडं वळवायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "हे चुकलं तर कोण मरंल?"

पहिल्यांदा विचारलं तेव्हा मला हसू आलं. एका क्लासच्या वेबसाइटवर चाचणी परीक्षेचं वेळापत्रक टाकायचं होतं. मी म्हणाले, "अप्पा, वेळापत्रकानं कोण मरतंय?"

"तारीख चुकली तर?"

"पोरं चुकीच्या दिवशी येतील आणि परत जातील."

"औराद शहाजानीची पोरगी हाय समज. पहाटंच्या यीस्टीनं एकटी निघंल. हितं उतरंल, क्लासला कुलूप. मोबाइलची बॅटरी संपलेली. आता बोल." मग त्यांनी मला क्लासला फोन करून प्रत्येक तारीख तोंडी विचारायला लावली. एक चुकलेली निघाली, पण ती क्लासवाल्यांनीच चुकवली होती. अप्पांनी त्याचा आनंद वगैरे मानला नाही. त्यांना घाम फुटला.

आमचं ऑफिस क्लासांच्या गल्लीत, एका अभ्यासिकेच्या वर. खाली डॉक्टर व्हायला निघालेली शंभर पोरं मुकाट्यानं पुस्तकात डोकं घालून बसलेली, आणि वर अप्पा लिहिलेली प्रत्येक ओळ कागदावर छापून, तिच्यावर बोट ठेवून, मोठ्यानं मोजत वाचणार. "लाभ, दोन, तीन, चार..." एक पोरगी एकदा कंटाळून वर आली. म्हणाली, "काका, जरा हळू मोजा ना. माझं पाठांतर तुमच्या आकड्यांत मिसळायलंय." अप्पा इतके ओशाळले की पुढचा आठवडाभर तोंडावर रुमाल धरून मोजत होते.

एकाच्या जागी लाभ म्हणायची सवय त्यांच्या घरची. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांच्या घराण्याची अडत. धान्य मापताना पहिल्या मापाला तिथं कुणी एक म्हणत नाही. लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन. अप्पा लहानपणी मापाशी बसून मोजायला शिकले, ते मोजणं संगणकापर्यंत तसंच आलं. मला हे गोड वाटायचं. मैत्रिणींना फोनवर त्यांची नक्कल करून दाखवायची मी.

आता आमच्या मोठ्या कामाचं सांगते. लातूर आणि नांदेडच्या मधे एक साखर कारखाना आहे, नाव काही सांगत नाही. कारखान्याची स्वतःची वीज, स्वतःचे खांब, स्वतःच्या लाइनी. कुठली लाइन कुठून निघते, कुठं जाते, चालू आहे की बंद, हे सगळं कंट्रोल रूमच्या पडद्यावर चित्रात दिसायचं. ते चित्र कुणी हातानं काढत नव्हतं. जोडण्यांची यादी दिली की एक लायब्ररी, म्हणजे तयार आज्ञांचा मोठा गठ्ठा, चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमला हुकूम सोडायची. इथं गोल काढ. तिथून रेघ ओढ. चालू लाइन लाल रंगव, बंद लाइन हिरवी. रस्त्यावरच्या सिग्नलच्या उलट असतं ते. लाल म्हणजे वीज वाहतेय, जवळ जाऊ नको. हिरवी म्हणजे हात लावायला हरकत नाही.

ही लायब्ररी एका जुन्या भाषेत लिहिलेली होती. कारखान्यानं नवे संगणक घेतले आणि त्यांच्यावर ती धड चालेना, म्हणून ती सगळीच्या सगळी नव्या भाषेत आणायची होती. काहीशे आज्ञा होत्या. दुसऱ्या कुणी वर्षभरात उरकलं असतं. अप्पांनी दुसरं वर्ष संपत आलं तरी निम्म्याच्या थोडं पुढं मजल मारली होती, कारण त्यांची रीत वेगळी होती. ते जुनी आज्ञा वाचायचे आणि ती काय करते हे आधी एका लाल कापडी बांधणीच्या वहीत मराठीत लिहायचे. चित्रातल्या गोलाला ते गाठ म्हणायचे आणि रेघेला दोर. "दोराचा रंग त्याच्या हालतीवरून ठरव. हालत ठाऊक नसंल तर लाल धर." असं लिहून झालं की जुना कागद कपाटात ठेवून कपाटाला कुलूप, आणि मग नुसत्या वहीवरून नव्या भाषेत लिहायचं. "ह्या भाषेतनं त्या भाषेत सरळ उडी मारायची न्हाई," ते म्हणायचे. "मधी आपल्या घरी थांबायचं. पाणी प्यायचं. मग जायचं."

आणि एक. जुन्या भाषेत यादीतल्या पहिल्या वस्तूचा नंबर एक असतो. नव्या भाषेत तो शून्य असतो. इतकाच फरक, पण यामुळं सगळं एका घरानं सरकतं. बाकीचे लोक जिथं जिथं नंबर येतो तिथं तिथं एक वजा करतात. अप्पांचा त्याला साफ नकार. "हजार जागी वजा करायचं अन् एका जागी इसरायचं, एवढंच राहिलंय माणसाच्या हातात." त्यांनी काय करावं? प्रत्येक यादीत शून्याच्या जागी एक फालतू वस्तू ठेवली आणि तिला नाव दिलं लाभ. मग लाइन नंबर एक बरोबर एकच्या घरात, चार बरोबर चारच्या. प्रत्येक यादी उघडावी तर दारात लाभ बसलेला.

"पण अप्पा, अडतीत लाभ म्हणजे एक ना? हे तर शून्य झालं."

"मोजायच्या आधी देवाचं नाव घेतलं समज," ते म्हणाले. "रिकामी जागा सोडू न्हाई. कुणीबी यिऊन बसतंय."

काम तपासायची त्यांची पद्धतही अशीच. जुन्या लायब्ररीनं काढलेलं चित्र कागदावर छापायचं, नव्या लायब्ररीनं काढलेलं दुसऱ्या कागदावर, दोन्ही एकमेकांवर ठेवून खिडकीच्या काचेला चिकटवायचे, आणि मागून ऊन आलं की बघायचं. एक रेघ जरी हलली तरी दुहेरी दिसायची. आभाळ आलं की तपासणी बंद. आमच्या त्या खिडकीतून बाहेरचं लातूर मी क्वचितच पाहिलं असेल, सदा चित्रंच लावलेली.

त्यांच्या भाचीचं देगलूरला लग्न होतं. दोन दिवसांसाठी गेले. जाताना दहा वेळा बजावलं, काही पाठवू नकोस.

मी बसून काय करणार? कॉलेजातली माझी एक मैत्रीण पुण्यात कामाला होती. तिला मी मोठ्या तोऱ्यात आमचं काम दाखवलं होतं, आणि ती पोट धरधरून हसली होती. "लाभ? अगं, हे काय आहे? पूजा घालता का तुम्ही?" ते मला लागलं होतं. अप्पांचा मला राग नव्हता, पण माझं नाव ज्या कामावर असणार त्यात असलं काही असावं याची लाज वाटायला लागली होती. म्हणून त्या दिवशी मी कुठल्या लाइनीला कुठला रंग याची यादी घेतली, तिच्यातला लाभ पुसला, आणि जिथं जिथं ती यादी वापरली होती तिथं एक वजा केला. असं मला वाटलं. प्रत्यक्षात एक जागा राहिली, दोराला शेवटी रंग फासणारी. यादीच्या शेवटी एक राखीव घर होतं, त्यामुळं प्रोग्रॅम कुठं अडलाही नाही. नियमाप्रमाणं दोन्ही चित्रं छापून मी काचेला लावली. ऊन लख्ख होतं. रेघ अन् रेघ जुळली.

आमचा प्रिंटर काळा-पांढरा होता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून फोन आला, चित्र काढण्यापुरतं नवीन तयार असेल तर द्या, जुन्यात पडदा गोठतोय. मी पाठवून दिलं. कोण मरेल हा प्रश्न मला कुणी विचारला नाही आणि मी स्वतःला विचारला नाही.

अप्पा आले ते लाडवाचा डबा घेऊन. डबा माझ्यापुढं ठेवला, पेनच्या टोपणानं पंखा लावला, आणि मी बदललेल्या प्रोग्रॅमचे कागद घेऊन बसले. बोट पहिल्या ओळीवर ठेवलं, तोंड उघडलं, आणि बोट तिथंच राहिलं.

"लाभ कुठाय?"

"काढला अप्पा. सगळीकडं एक वजा केलाय. आता कसं स्वच्छ दिसतंय बघा."

ते पानं उलटत गेले. शेवटच्या पानावर थांबले आणि कागद माझ्यापुढं सरकवला. रंग फासणारी ओळ होती. तिच्यात मी काही वजा केलेलं नव्हतं. मला समजायला थोडा वेळ लागला. चौथ्या लाइनीला पाचवीचा रंग लागत होता. पाचवीला सहावीचा. सगळं चित्र जागच्या जागी आणि रंग एका घरानं सरकलेले.

"कारखान्याला पाठवलीस?"

"हो. काल."

त्यांनी लगेच फोन लावला. कारखान्याच्या कंट्रोल रूमचा फोन नुसता वाजत राहिला. गाळपाचे दिवस, आत आवाज इतका की फोन ऐकूच येत नाही. तिथल्या वीज खात्याच्या साहेबांचा मोबाइल लागेना. मी म्हणाले, "अप्पा, आजच्या आज कुणी खांबावर चढणार आहे का? संध्याकाळपर्यंत लागेल फोन. मी आत्ता दुरुस्त करून पाठवते."

"कुणी चढायलंय का न्हाई, ठाऊक हाय का तुला?"

"नाही."

"मला बी न्हाई. गाडी काढ तुझी."

जन्मात कुणाच्या मागं न बसलेला माणूस माझ्या स्कूटीवर मागं बसला. माझा खांदा त्यांनी इतका घट्ट धरला होता की चार दिवस तिथं काळंनिळं होतं. उसाच्या ट्रॅक्टरांची रांग रस्ताभर. मी एकेकाला ओलांडत होते आणि मागून "हळू" येईल म्हणून वाट बघत होते. ते एकदाच बोलले. म्हणाले, "अजून पळव." तेव्हा मी खरी घाबरले. या माणसाच्या भीतीची आम्ही सगळ्यांनी थट्टा केली होती, पण त्याला एवढं घाबरलेलं कुणी बघितलं नव्हतं.

कंट्रोल रूममध्ये साहेब आणि एक ऑपरेटर, दोघंच होते. पडदा समोर होता. चार नंबरची लाइन हिरवीगार.

"या अप्पा," साहेब म्हणाले. "झकास चालतंय तुमचं नवीन."

"चार नंबरवर कुणी गेलंय का?"

"वायरमन गेलेत. नदीवरच्या पंपहाउसला जाणारी लाइन ना, तिथं चिमणी बदलायची आहे. बंदच दिसत होती, म्हणून लगेच परवानगी दिली." चिमणी म्हणजे खांबावर तार ज्या चिनी मातीच्या तुकड्याला बांधलेली असते तो.

त्या दिवशी सकाळपासून खरोखर बंद होती ती पाच नंबरची लाइन, कॉलनीची. तिचा हिरवा रंग चारच्या अंगावर आला होता. नदीकडच्या चार नंबरमध्ये वीज वाहत होती. हे सगळं आज मी शांतपणे लिहितेय, पण तिथं उभी असताना मला त्यातलं काहीही सरळ सुचत नव्हतं. वायरमनला मी ओळखत होते. माहूरकडचे होते, पन्नाशीचे. सगळे त्यांना मामा म्हणायचे. मागच्या खेपेला त्यांनी मला गुळाचा खडा आणून दिला होता. चढताना मोबाइल खालच्या पेटीत ठेवायचा असा तिथला नियम होता, आणि मामा नियम पाळणारे.

"चित्र खोटं हाय," अप्पा म्हणाले. "चारमधी वीज हाय."

ऑपरेटर पडद्याकडं बघत राहिला. साहेब उठले. "मग बटणंही याच चित्रावर आहेत, खरं चारचं कुठलं ते नीट मोजून सांगा. चुकीची लाइन बंद केली तर नसतं काहीतरी होईल."

"ब्याड, ब्याड," अप्पा म्हणाले. अगदीच घाबरले की त्यांच्या तोंडी घरची कानडी यायची. नको, नको. "मी आत्ता मोजणार न्हाई. मला भ्याव वाटायलंय. भ्यालेल्या माणसानं मोजू न्हाई. सगळं बंद करा."

"सगळं? गाळप चालू आहे अप्पा! रस मधेच अडकेल. चेअरमन माझी खुर्ची काढून घेतील. दोन मिनिटं शांत बसा, आपण..."

भिंतीवर काचेच्या झाकणाखाली मोठं लाल बटण होतं. अप्पा तिकडं चालत गेले. खिशातलं पेन काढलं नाही. झाकण वर केलं आणि सगळा तळवा लावून बटण आत दाबलं.

एवढा मोठा कारखाना बंद पडताना एकदम गप्प होत नाही. आधी जवळचा आवाज जातो, मग लांबचा, मग पायाखालची थरथर थांबते. शेवटी कुठंतरी एक पट्टा फडफड करत थांबला, आणि मला बाहेरच्या बैलांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू यायला लागल्या. साहेब ओरडत होते. मला त्यांचं काही ऐकू येत नव्हतं. मी एकच हिशोब करत होते, मामा निघून किती वेळ झाला, पंपहाउस किती लांब, खांबावर चढायला किती वेळ लागतो. तो हिशोब लागत नव्हता. देवाला मी तोवर कधी काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी रेणुकेला मागितलं, मामा तिच्या गावाकडचे म्हणून.

जीपमधून पंपहाउसला गेलो. अप्पा पुढं बसले होते, दोन्ही हात मांड्यांवर उताणे ठेवून. बटण दाबलेला हात दुसऱ्या कुणाचा असल्यासारखे त्याच्याकडं बघत होते.

मामा खांबावरच होते, पट्ट्यानं बांधलेले, हलत नव्हते. जीप थांबली तरी कुणी उतरेना. मग वरून आवाज आला, "काय झालं वो साहेब? मशीन कामून बंद पडली?"

ते खाली आले तेव्हा साहेबांनी त्यांना सांगितलं. मामा म्हणाले, "मी तर साखळीबी टाकली न्हाई. म्हणलं, हिरवी हाय." तारेवर आधी जमिनीला जोडलेली साखळी टाकायची असते, वीज असेल तर तिथंच कळतं. पडद्यावर हिरवं दिसायला लागल्यापासून तो त्रास कुणी घेत नव्हतं. "तारंला हात घालनार, तेवढ्यात कारखान्याचा आवाज गेला. म्हणून हात मागं घेऊन बघू लागलो." एवढं बोलून ते खांबाला टेकून खाली बसले, आणि त्यांना पुन्हा उठता येईना. दोघांनी धरून जीपमध्ये घातलं.

साहेबांनी मग विचारलं, "ही चूक कोणाची?"

अप्पांनी माझ्याकडं बघितलं नाही. पण ते लगेच बोललेही नाहीत. मध्ये थोडा वेळ गेला, माझ्यासाठी सोडलेला. मला तो कळला. नोकरी जाईल, पोलीस येतील, नांदेडला घरी कळेल, एवढं सगळं एका क्षणात डोक्यातून गेलं.

"माझी," अप्पा म्हणाले. "कागदावर नाव माझं हाय."

त्यांनी तसं लिहूनही दिलं. कारखान्यानं काम काढून घेतलं. ज्या क्लासांची वेबसाइट होती त्यांनीही हळूहळू फोन करणं सोडलं, लातूर काही एवढं मोठं नाही. अप्पा त्या विषयावर माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते रोज यायचे, पंखा लावायचे, वही उघडून बसायचे आणि मोजायचे मात्र नाहीत. खालच्या पोरांना केवढी शांतता मिळाली. दोन महिन्यांनी मी नांदेडला नोकरी धरली. सहा महिन्यांनी कळलं की ऑफिस बंद करून ते उदगीरला गेले, पुतण्याच्या बियाणाच्या दुकानात बसतात.

चार वर्षं मी कुणाला काही सांगितलं नाही. लग्न झालं, नवऱ्याला सांगितलं नाही. नवीन ठिकाणी मी पाठवायच्या आधी इतक्या वेळा तपासते की लोक वैतागतात. मी घाबरते असं त्यांना वाटतं. खरंच घाबरते. पण ती भीती वेगळी आणि आतली वेगळी. आतली भीती अशी की एके दिवशी कुणीतरी बोट दाखवून म्हणेल, हीच ती.

या वर्षी कामानं लातूरला निघाले होते. वाटेत कारखाना लागला, आणि मी काही ठरवलेलं नसताना कंडक्टरला म्हणाले, इथंच उतरते.

मामा गेटवर होते. खुर्चीत बसून उसाच्या गाड्यांचे नंबर लिहून घेत होते. मला वाटलं, बढती मिळाली असेल.

"बढती कशाची बाई," ते म्हणाले. "मी त्या दिवसापासून खांबावर चढलो न्हाई. खांबाखाली गेलं की पाय लटलट कापतेत. मग बसवलं हितं. घरातला पंखाबी पोरगी लावती. हसून राहिले लोक मला."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "मामा, ती चूक अप्पांची नव्हती. मी केली होती. अप्पा गावाला गेले होते."

एक ट्रॅक्टर हॉर्न वाजवत उभा होता, त्याच्याकडं त्यांचं लक्ष नव्हतं. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि मी त्यासाठी तयार होते.

"मी त्या दिवाळीला उदगीरला गेलो व्हतो," ते म्हणाले. "त्यांच्या दुकानापुढं, भर बाजारात. म्हाताऱ्याला नाही नाही ते बोललो. माय-बाप काढले. म्हणलं, तुझे हात झडतील. आईकून घेतलं त्यांनी. मग म्हणले, जेवून जावा. अन् मी जेवलोबी." त्यांचे डोळे भरून आले होते. पेन खाली ठेवून ते उठले, दुसऱ्या शिपायाला गेट सांभाळायला सांगितलं आणि मोटारसायकल काढली. "बसा."

"कुठं मामा?"

"उदगीरला. तुम्ही बसा मागं."

मी म्हणाले माझं लातूरला काम आहे, पुढच्या आठवड्यात येते, फोन करून सांगते. त्यांनी गाडी सुरूच ठेवली. शेवटी मी मागं बसले. ज्या दिवशी मामा खांबावर होते त्या दिवशी मला वाटली नव्हती इतकी भीती मला त्या रस्त्यावर वाटली. तेव्हा निदान अप्पा बरोबर होते.

बाजाराच्या त्या गल्लीत दुपारची सामसूम होती. अप्पा दुकानाच्या गादीवर बसले होते. वाळले होते. विभूती तशीच होती. आम्ही दोघं एकदम समोर उभे राहिलो तेव्हा त्यांनी आधी मामांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"ह्यांना सांगितलीस?"

"हो अप्पा."

मामा हात जोडून वाकायला गेले. अप्पांनी त्यांचा हात धरला. "नगं नगं. तपासल्याबिगर गावाला मीच गेलो व्हतो. तुमचं बोलणं काही वाया गेलं न्हाई." मामांना त्यांनी जवळ बसवून घेतलं. मी पायरीवरच उभी होते. अप्पा पुष्कळ वेळ माझ्याकडं बघत राहिले, आणि मी मान खाली घातली नाही, एवढंच मला जमलं.

"लई उशीर केलीस पोरी," ते म्हणाले. "बस."

मी बसले. अप्पांनी खिशातलं पेन काढलं आणि टोपणाच्या टोकानं पंखा लावला.